पाटीवरची होरी

ही गोष्ट सांगायची मी टाळत आलो. विसरलो असतो तर टाळावी लागली नसती. बायको होती तोवर तिला सांगितली नाही. मुलांना सांगितली नाही. मी शाळेतून निवृत्त झालो तेव्हा निरोपाच्या दिवशी तरुण शिक्षकांनी आग्रह केला, "सर, तुमच्या लहानपणच्या शाळेतलं काहीतरी सांगा." मी शाळेच्या पडवीत शिरलेल्या रेड्याचा किस्सा सांगितला. सगळे पोट धरून हसले. तो रेडाही मी निम्मा रचलेला होता. खरं सांगण्यासारखं एकच होतं आणि ते मी घशाखाली ठेवलं.

गेल्या महिन्यात माझी धाकटी नात शाळेसाठी तक्ता रंगवत बसली होती. वर मोठ्या अक्षरांत 'आपण सारे समान' आणि खाली हातात हात घेतलेली आठ-दहा मुलं. एकाला टोपी, एकीला ओढणी, एकीच्या गळ्यात क्रूस. रंगवता रंगवता तिने विचारलं, "आजोबा, तुमच्या शाळेत सगळ्यांना सारखं वागवायचे?"

मी म्हटलं, "आमचे गुरुजी वागवायचे."

"आणि तुम्ही?"

तिने सहज विचारलं आणि उत्तराची वाट न बघता ती टोपीला हिरवा रंग देऊ लागली. मी उठून गॅलरीत गेलो. समोर जेसल पार्कच्या इमारती, त्यांच्यापलीकडे खाडी. मी ऐंशी ओलांडली आहे. आता नाही लिहिलं तर ते माझ्याबरोबरच जाईल, आणि तसं ते जाऊ नये असं त्या संध्याकाळी पहिल्यांदा वाटलं.

आमचं गाव भाईंदरहून उत्तनला जाणाऱ्या रस्त्यावर. एका बाजूला भातशेती, दुसऱ्या बाजूला मिठागरं. माझे वडील शिलोत्री, म्हणजे मिठागराचे मालक. गावात त्यांचा शब्द चाले. बोर्डाची मराठी शाळा आमच्याच भाताच्या कोठाराला लागून असलेल्या लांब पडवीत भरायची. त्यामुळे शाळा थोडी आमचीच आहे असं आमच्या घरात सगळ्यांना वाटे, आणि मला तर जास्तच.

मी तिसरीत असताना नवे गुरुजी आले. तळकोकणातले, उंच, किडकिडीत, कोटाच्या कोपराला ठिगळ लावलेले. ते येण्याआधी बसायची पद्धत ठरलेली होती. आम्ही जमीनवाल्यांची मुलं टेबलाजवळ. मिठागरावर काम करणाऱ्यांची मुलं मागे. कोळ्यांची मुलं दाराशी, कारण त्यांच्या कपड्यांना सुकटीचा वास येतो म्हणून. वेशीबाहेरच्या वस्तीतली दोन मुलं तर पडवीच्या बाहेर पायरीवर. पावसात त्यांना सुट्टी असायची. आम्हाला त्यांचा हेवा वाटायचा!

गुरुजींनी पहिल्याच आठवड्यात सगळ्यांना भिंतीपाशी उभं केलं, उंची मापली आणि सांगितलं, "बुटके पुढे, उंच मागे. पायरीवर कोणी नाही." संध्याकाळी चार-पाच जण तक्रार घेऊन वडिलांकडे आले. वडिलांनी गुरुजींना बोलावणं पाठवलं. मी दाराआडून ऐकत होतो.

"गुरुजी, हा काय परकार?"

"शिलोत्री, उंच मुलगा पुढे बसला तर मागच्याला फळा दिसत नाही. तुमचा मुलगा बुटका आहे. त्याला फळा दिसायला नको?"

वडील विचारात पडले. मग तक्रार घेऊन आलेल्यांना म्हणाले, "अरं, हा उंचीचा परश्न हाय. जातीचा न्हाय." आणि तिथे तो विषय संपला. गुरुजी असे होते. भांडण न करता भिंत काढून टाकायचे.

पण मुलं जवळ बसली तरी बोलत नव्हती. आमच्या भागात घरोघरी वेगळी बोली. आमच्या घरात घोड्याला घोरा, गाडीला गारी, पाण्याला पानी. कोळ्यांची त्याहून निराळी. त्यातही उत्तनच्या ख्रिस्ती कोळ्यांची आणखी निराळी. किराणावाल्याचा मुलगा घरी गुजराती बोले. पूर्वीचे मास्तर पुस्तकाबाहेरचा शब्द ऐकला की बोटांवर पट्टी मारायचे. त्यामुळे बहुतेक मुलांनी शाळेत तोंड उघडायचंच सोडलं होतं. हजेरीला 'हजर' एवढं म्हणायचं आणि दिवसभर गप्प.

गुरुजींनी दोन गोष्टी केल्या. शनिवारी शेवटचा तास घरच्या बोलीचा ठेवला. त्या तासाला एकाने उभं राहायचं आणि आपल्या घरात बोलतात तसं काहीही सांगायचं. बाकीच्यांनी ऐकायचं. हसू आलं तर गोष्टीला हसायचं, बोलीला नाही. किराणावाल्याच्या मुलाने एकदा त्याच्या काकांनी गुळाच्या ढेपेवर बसून धोतर कसं चिकटवून घेतलं ते गुजरातीत सांगितलं. निम्मं कळलं नाही तरी आम्ही लोळलो.

दुसरी गोष्ट शुद्धलेखनाची. चुकलेल्या शब्दावर ते फुली मारत. पण मुलाने घरचा शब्द लिहिला असेल तर फुली नाही. त्या शब्दाभोवती गोल काढायचा आणि शेजारी पुस्तकातला शब्द लिहायचा. "फुली म्हणजे चूक," ते सांगत. "गोल म्हणजे हा शब्द तुझ्या घरचा आहे, तो ठेव. हा दुसरा पुस्तकातला, तोही शिक. परीक्षेत पुस्तकातला लागेल." आमच्या पाट्या पांढऱ्या गोलांनी भरून जायच्या.

माझ्या पाटीवर मात्र गोल नसायचे. मी लवकर शहाणा झालो होतो. गुरुजी बोलत तसं मी बोलू लागलो, घरीसुद्धा. आई कौतुकाने शेजारणींना सांगायची. वडील कोणी पाहुणा आला की मला हाक मारत. "ये रं, जरा वाचून दाव." मी वाचायचो आणि ते मांडीवर थाप मारून म्हणायचे, "आमचा पोऱ्या पुस्तकासारका बोलतो!" वडिलांना स्वतःची सहीसुद्धा नीट येत नव्हती. आयुष्यभर कचेऱ्यांत त्यांच्या बोलण्याला लोक हसले होते. माझी शुद्ध भाषा हा त्यांचा सूड होता, हे मला फार पुढे कळलं. तेव्हा एवढंच कळत होतं की मी चुकायचं नाही.

मी पाचवीत गेलो तेव्हा ती आली. उत्तनची ख्रिस्ती कोळ्याची मुलगी. तिच्या गावात शाळा चौथीपर्यंतच होती. ती रोज सकाळी उत्तनहून तासाभराच्या वर चालत यायची. फ्रॉक धुतलेला, पण सुकटीचा वास धुऊन जाणारा नव्हता. तिचा बापूस होडीवर, आणि आयस बोंबील वलांडीवर टांगून सुकवायची. वलांडी म्हणजे बांबूंचा उंच मांडव. त्यावर बोंबील कपड्यांसारखे लटकत असतात. वरच्या वर्गात ती एकटीच मुलगी. पहिल्या दिवशी हजेरीला तिचं नाव आलं तेव्हा ती 'हजर' न म्हणता म्हणाली, "हाय!" वर्ग हसला. ती आमच्याकडे वळून म्हणाली, "हाय तर हाय. न्हाय बोलू काय?" गुरुजीच आधी हसले.

तिला मास्तरीण व्हायचं होतं. ती ते कोणालाही सांगायची. "आमच्या उत्तनला मास्तरीन न्हाय. मी व्हनार." त्यासाठी सातवीची फायनल परीक्षा पास व्हावी लागे. फायनल झालेल्याला शिक्षकाची नोकरी मिळे. गुरुजी स्वतः उत्तनला जाऊन तिच्या बापाशी बोलून आले होते. बापाने मान्य केलं, पण एका अटीवर. ती अट तिनेच एका शनिवारी आम्हाला त्याच्या आवाजात करून दाखवली: "फायनल झाली त शिकव पोरांना. न्हाय झाली त वलांडी हाय, बोंबील हाय, लगीन हाय." सगळे हसले. तीही हसली. पण अट खरी होती.

सहावीत गुरुजी एकदा आम्हाला उत्तनला घेऊन गेले. तिच्या बापाने आम्हाला होडीत बसवून खडकांपर्यंत नेलं. मी शिलोत्र्याचा मुलगा, माझं सगळं आयुष्य खाऱ्या पाण्याच्या काठाशी गेलेलं, पण गुडघ्याच्या वर पाण्यात कधी शिरलो नव्हतो. होडी हलली. मी काठ घट्ट धरून खाली पाण्याकडे बघत राहिलो. ती समोर बसली होती. हळूच, इतरांना ऐकू जाणार नाही असं म्हणाली, "पान्याकरं बघू नको. होरीत बसल्यावर समोर बघायचं. माझ्याकरं बघ."

मी तिच्याकडे बघितलं. हळूहळू काठावरचे हात सुटले. मी घाबरलो होतो हे तिने कोणाला सांगितलं नाही. त्या दिवसापासून माझ्या मनात त्या वस्तूचं नाव होरी झालं. 'होडी' पुस्तकात होती, चित्रातली, दोन शिडांची. मी ज्यात बसलो ती होरी होती.

सातवीत आम्ही सहा जण उरलो, पाच मुलगे आणि ती. तिची पाटी आता जवळजवळ माझ्याइतकी स्वच्छ असायची. दोन वर्षांत तिने गोल एकेक करून कमी केले होते. लिहिताना ती पुस्तकातलं लिही, बोलताना घरचं बोले. गुरुजींना तिचा अभिमान होता. तिकडे युरोपात लढाई सुरू झाली होती, पण आमच्या गावात त्या वर्षी मोठी बातमी होती ती दिपोटी येणार ही. शाळा तपासणाऱ्या साहेबांना लोक दिपोटी म्हणत. फायनलला कोणाला बसवायचं हे या खेपेला साहेब स्वतः बघून ठरवणार होते.

पडवी सारवली. दाराला आंब्याची पानं लागली. साहेबांसाठी आमच्या घरची खुर्ची आली आणि तिच्या शेजारी दुसऱ्या खुर्चीवर वडील बसले, नवा फेटा बांधून. गुरुजींनी सातवीसाठी सहा नव्या पाट्या मागवल्या होत्या. एकसारख्या, कोऱ्या, चौकटीवर कोणाची खूण नाही. सकाळीच आम्हाला वाटल्या.

साहेबांनी शुद्धलेखन घातलं. पाच वाक्यं. तिसरं वाक्य होतं, 'वारा सुटताच कोळ्याची होडी किनाऱ्याकडे वळली.' मी झरझर लिहीत होतो. वडील माझ्याकडे बघत आहेत हे मला न बघता जाणवत होतं. पाचवं वाक्य संपलं. साहेब म्हणाले, "पाट्या पालथ्या करा. पुढे द्या." आम्ही दिल्या. सहा पाट्यांची चळत टेबलावर गेली.

साहेबांनी पहिली उचलली, तीन चुका. दुसरी उचलली, चार. पाट्यांवर नावं नव्हती, म्हणून ते एकेकाला विचारत, "ही कोणाची?" आणि मुलगा उभा राही. चार पाट्या झाल्या. मी आणि ती उरलो. पाचवी पाटी त्यांनी बराच वेळ धरली.

"उत्तम," ते म्हणाले. "एकही चूक नाही. अक्षरही वळणदार." ती बाजूला ठेवून त्यांनी सहावी उचलली. "आणि हे काय? 'कोळ्याची होरी'?"

वर्ग हसला. मागे बसवलेली खालच्या वर्गांतली मुलंही हसली. सगळ्यांच्या माना तिच्याकडे वळल्या.

टेबल माझ्यापासून दोन हातांवर होतं. साहेबांनी पाटी वर्गाकडे फिरवली तेव्हा मला ती स्पष्ट दिसली. 'र'ची शेपटी मी लांब ओढायचो. त्या पाटीवरची प्रत्येक शेपटी लांब होती. ती पाटी माझी होती.

कसं झालं ते मला आजही नीट सांगता येत नाही. घाईत हाताने मनातला शब्द लिहिला. लिहिताना मला होडी दिसली असणार, आणि त्या होडीचं नाव माझ्या मनात होरी होतं. एवढंच.

"ही कोणाची?" साहेबांनी विचारलं. कोणी उभं राहिलं नाही. साहेब तिच्याकडे बघून हसले. "तुझी ना? कोळ्याची ना तू?"

ती उभी राहिली. मी कधी कोणाला इतकं ताठ उभं राहिलेलं पाहिलं नाही. ती म्हणाली, "ती पाटी माजी न्हाय."

साहेब जोरात हसले आणि वडिलांकडे वळून म्हणाले, "बघा! 'न्हाय' म्हणते. तोंडात तेच आणि पाटीवर तेच." वडीलही हसले. ज्यांच्या घरात दिवसातून शंभरदा 'न्हाय' म्हटलं जाई, ते वडील हसले.

ती खरं बोलली होती. पण खरं ज्या शब्दात बोलली, त्याच शब्दाने ती खोटी ठरली. तिने घाबरून 'नाही' म्हटलं असतं तर कदाचित साहेबांनी पुन्हा विचारलं असतं. ती घाबरली नव्हती म्हणून तिच्या तोंडातून घरचा शब्द आला.

गुरुजी पुढे आले. त्यांनी दोन्ही पाट्या हातात घेतल्या. आमची अक्षरं त्यांनीच घडवली होती. माझ्या 'र'च्या शेपटीवरून त्यांनी मला किती वेळा टोकलं होतं! त्यांना कळलं. ते माझ्यापाशी आले आणि दोन्ही पाट्या माझ्यापुढे धरल्या.

"यातली तुझी कोणती?"

आवाज मऊ होता. मला एक दार उघडून दिलं होतं त्यांनी, त्यातून बाहेर पडायचं होतं फक्त. मी वर बघितलं. गुरुजींच्या खांद्यावरून वडिलांचा फेटा दिसत होता. ते खुर्चीत पुढे झुकले होते. त्यांचा चेहरा एखाद्या लहान मुलासारखा झाला होता.

मी चूक नसलेल्या पाटीवर बोट ठेवलं.

वडिलांनी मांडीवर थाप मारली. "सांगितलं न्हवतं, साहेब? पुस्तकासारका!"

गुरुजी म्हणाले, "साहेब, ही मुलगी शुद्ध लिहिते. मी खात्री देतो."

"तुमची खात्री पाटीवर दिसतेच आहे," साहेब म्हणाले. मग त्यांनी भिंतीकडे ठेवलेली खालच्या वर्गाची एक पाटी उचलली. तिच्यावर आदल्या दिवशीचे गोल तसेच होते. "आणि हे गोल कसले?" गुरुजींनी समजावून सांगितलं. साहेबांनी ऐकून घेतलं आणि वहीत काहीतरी लिहिलं.

तिने माझ्याकडे एकदाच बघितलं. तिला रागही आलेला नव्हता, मला तरी दिसला नाही. होडीत बघितलं होतं तसंच तिने बघितलं, मी समोर बघतो आहे की नाही ते पाहिल्यासारखं. मी खाली बघितलं.

फायनलला बसायला तिघांची नावं मंजूर झाली. माझं पहिलं. तिचं नव्हतं. शनिवारचा तास बंद झाला. गोल बंद झाले. गुरुजींनी तिच्यासाठी साहेबांना पत्र लिहिलं, दोनदा. उत्तर आलं की नाही मला ठाऊक नाही. ती पुढच्या सोमवारी आली नाही. मंगळवारी आली नाही. तिच्या बापाने अट पाळली.

गुरुजींना मी त्या दिवसानंतर एकटा भेटायचं टाळू लागलो. उन्हाळ्यात त्यांची बदली काशीगावच्या बाजूला झाली. निघायच्या सकाळी आमच्याकडे निरोप घ्यायला आले तेव्हा मला गाठलंच. मला वाटलं आता बोलतील, मारतीलसुद्धा. मला ते हवंही होतं. ते एवढंच म्हणाले, "मी तुला विचारलं होतं." आणि छत्री काखेत मारून गेले.

पुढे कित्येक वर्षं मी थोडा दोष त्यांच्यावर ढकलून बघितला. त्यांना माहीत होतं, मग ते साहेबांसमोर स्पष्ट का बोलले नाहीत? शाळा आमच्या पडवीत होती म्हणून? वडिलांना दुखावलं असतं तर ती वेशीबाहेरची दोन मुलं पुन्हा पायरीवर गेली असती म्हणून? असेलही. त्यांनी बहुधा एका मुलीसमोर चाळीस मुलं ठेवली. त्यांचं ओझं त्यांनी वाहिलं असेल. माझं मला त्यात कमी करता आलं नाही. होरी त्यांनी लिहिली नव्हती.

मी फायनल पहिल्या वर्गात पास झालो. अठराव्या वर्षी मला शिक्षकाची नोकरी लागली. कुठे, तर उत्तनला. तिला हवी होती तीच शाळा. हुकमाचा कागद हातात आला तेव्हा मी वडिलांना म्हटलं, "दुसरीकडे मिळेल का बघू." वडील म्हणाले, "अरं, पायाखालची नोकरी सोरून कुटं जातोस?" मी गेलो.

पहिल्याच महिन्यात ती शाळेत आली. डोक्यावरची टोपली दाराबाहेर उतरवली आणि सहा वर्षांच्या धाकट्या भावाला पुढे ढकललं. मला वाटलं जमीन दुभंगावी. ती मोठी झाली होती, हात मिठाने फाटले होते. तिने मला वरून खालपर्यंत न्याहाळलं.

"मास्तर," ती म्हणाली. ती मला पूर्वी अरेतुरे करायची. "मास्तर झालंव की तुमी!"

"हो," मी म्हटलं.

"याला लिवून घ्या. आनि 'न्हाय' बोलला त मारू नका."

तिच्या आवाजात टोमणा होता का, मी आजवर ठरवू शकलो नाही. टोमणा असता तर बरं झालं असतं. मला वाटतं ती खरंच भावासाठी सांगत होती. वर्गात बाकी कोणी नव्हतं. भाऊ खिडकीतून समुद्र बघत होता. बोलायला इतकी चांगली वेळ पुन्हा येणार नव्हती. मी रजिस्टर उघडलं आणि विचारलं, "जन्मतारीख?"

मी मारलं नाही त्याला, हे खरं. पण आता सगळंच सांगायचं म्हणून सांगतो. त्या वर्षी त्याने पाटीवर होरी लिहिलं आणि मी त्यावर फुली मारली. गोल काढायला हात उचलला होता. पण दाराशी मुख्याध्यापक उभे होते. दुसऱ्या दिवशी ते नव्हते. तरी मी फुलीच मारली. पुढची पस्तीस वर्षं मी फुलीच मारत राहिलो. गोल काढला असता तर कोणीतरी विचारलं असतं हे कुठे शिकलास, आणि मग सगळं सांगावं लागलं असतं.

ती लग्न होऊन दुसऱ्या कोळीवाड्यात गेली. वडील गेले. त्यांच्या शेवटच्या आजारात मी एकदा सांगायचं ठरवून त्यांच्या उशाशी बसलो. ते म्हणाले, "तवा त्या दिपोटीनं काय सांगितलं, आटवतंय? येकबी चूक न्हाय." मी त्यांचे पाय चेपत राहिलो.

मग मिठागरं गेली, इमारती आल्या. भाईंदरच्या बाजारात आता सुकट घ्यायची तरी अर्ध्या वेळा हिंदीत बोलावं लागतं. सातेक वर्षांपूर्वी त्याच बाजारात एका म्हातारीने हाक मारली, "मास्तर, वलखलंव का?" दात पडले होते, पण ताठ बसणं तेच. तिच्यासमोर बोंबिलाचे ढीग होते.

"ओळखलं," मी म्हटलं.

"भाव माजा कंपनीत लागला. रिटायर झाला. तुमी शिकवलाव." ती हसली. "माजी नात मास्तरीन हाय आता. विंग्रजी शालेत."

मी तिच्यासमोर खाली बसलो. गुडघे दुखत होते तरी उकिडवा बसलो. साठ वर्षं मनात घोळवलेली वाक्यं होती. शुद्ध, व्याकरणात बसलेली. 'तुमच्यावर माझ्या हातून फार मोठा अन्याय झाला.' असं काहीतरी. तोंड उघडलं आणि लक्षात आलं की हे पुस्तकातलं आहे. हे मी साहेबांशी बोलल्यासारखं बोलणार आहे तिच्याशी. तेवढ्यात एक बाई आली, "मावशी, ये कैसे दिया?" आणि ती तिच्याशी हिंदीत बोलू लागली. मी पाव किलो बोंबील घेतले. पिशवी देताना तिने वर मूठभर जास्त टाकले. "सुनंला द्या. भाजून खा."

मी ठरवलं, पुढच्या वेळी घरच्या शब्दांत सांगायचं. आईच्या बोलीत. ती बोली मी दहा वर्षांचा असताना टाकून दिली होती. मला ती आठवून आठवून जुळवावी लागली. चार छोट्या वाक्यांना मला काही महिने लागले. ते जमलं तेव्हा मी बाजारात गेलो. तिच्या जागी दुसरी बाई बसली होती. म्हणाली, "ती गेली, काका. पावसात."

तिच्या नातीचा शोध मी घेतला नाही. घ्यायला हवा होता. तिला काय सांगायचं, आणि तिने ते कोणाला जाऊन सांगायचं, अशी कारणं मी काढली. कारणं काढण्यात मी आयुष्यभर पहिल्या नंबरचा विद्यार्थी राहिलो आहे.

नातीचा तक्ता पुरा झाला. शाळेत भिंतीवर लागला म्हणे. मी तिला एवढंच विचारलं, यातली मुलं एकमेकांशी कुठल्या भाषेत बोलतायत? ती म्हणाली, "आजोबा, चित्र आहे ते."

जुळवलेली वाक्यं अजून पाठ आहेत. ती इथे लिहितो, कारण दुसरीकडे कुठे पोचवायला आता जागा उरली नाही.

बाय, तू खरी बोललीस. ती पाटी तुजी न्हाय. होरी मी लिवली व्हती. मना माफ कर.